चार खिळे

मिरजेत पेटी म्हटलं की
आधी सूर आठवतो.
पप्पाही पेट्याच दुरुस्त करायचे:
फाटलेला भाता, बसलेलं रीड,
ओठाशी धरून फुंकलेला एकेक स्वर.
दुसरी पेटी क्वचित,
मंडळीतलं कुणी म्हातारं गेलं तर.
तिला ते चारच खिळे मारत.
कुणी विचारलं, तर म्हणत,
"जास्त कशाला? उठायचंय त्याला."

मग ते वर्ष आलं.
दवाखान्याच्या फाटकाबाहेर रांग,
आणि रांगेत कुणी बोलत नव्हतं.
चर्चला कुलूप. घंटेच्या दोरीवर मुंग्या.
शेजारच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले,
पलीकडून हाक आली
की लोक खिडक्या लावून घेत.
भावाला खांदा द्यायला भाऊ येईना.
आमच्याकडे मात्र लोक येत,
उंबऱ्याबाहेर थांबून रुमालातून सांगत,
"पाच फूट सहा इंच."
नाव नंतर. कधी तेही नाही.

सागवान संपलं, आंबा संपला.
तासगावच्या द्राक्षांच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या आल्या;
कितीही रंधा मारला
तरी छापलेला घड पुसला जाईना.
पालिकेचा माणूस म्हणाला, घट्ट हवी.
पप्पांनी बारा खिळे मारले. मग सोळा.
"उठायचंय" हा शब्द
त्यांच्या तोंडून गेला.
जेवणाआधीची प्रार्थना आई एकटीच करू लागली,
आणि "आमेन"च्या जागी
त्यांचं ताट सरकल्याचा आवाज.

रत्नमाला सिस्टर गेल्या
तेव्हा घरात एकही फळी नव्हती.
सात महिने पगार नव्हता त्यांना,
एक रात्रपाळी चुकली नव्हती.

दस्तगीरचाचा आले.
तंबोरे बनवणारे; वर्षात एकही विकला नव्हता.
खांद्यावर तुणाचं लाकूड,
वीस वर्षं सावलीत वाळवलेलं.
"अब्बांनी राखून ठेवलेलं.
म्हटलं, नातीच्या तंबोऱ्याला होईल.
शांतवन, नात पायाळू होती.
याच सिस्टरनं ओढून काढली तिला."

पप्पा काही बोलले नाहीत.
बोटाच्या पेरानं फळी वाजवली.
गुंजली.
मग दोघं रात्रभर रंधा ओढत राहिले,
तांबूस भुसा आमच्या अंथरुणापर्यंत आला.
पहाटे झाकण बसवताना मी मोजत होते.
एक.
दोन.
तीन.
चार.
हातोडी थांबली.
पालिकेचा माणूस आला, झाकण हलवून पाहिलं,
पप्पांकडे पाहिलं,
आणि कागदावर सही केली.

चैत्रात ईस्टर आला.
परवानगी थोड्याच लोकांची, तीही उघड्यावर.
अंधारातच आम्ही कबरस्तानात पोचलो,
मेणबत्त्या वाऱ्यानं विझत,
आई पदराआड पुन्हा पेटवत.
पप्पांनी हातगाड्यावरून चर्चची पेटी आणली.
वर्षभरात भाता उंदरांनी खाल्लेला,
तो त्यांनी जोडला होता;
मधला पंचम मात्र मुका.
"रीड मिळालं नाही," ते पुटपुटले,
"तो सूर आला की तुम्ही म्हणा."

सात जण होतो, मास्कच्या आतून गाणारे.
गाणं त्या जागेवर पोचलं,
पेटीतून नुसती हवा सुटली,
आणि पंचम आम्ही म्हटला.
सातांचे सात पंचम झाले.
पण भिंतीपलीकडून
एक आवाज नेमका लागला,
म्हातारा, तंबाखूनं खरखरीत.
पप्पांनी मान वर केली नाही;
भाता मात्र जोरात ओढला.

उजाडलं तेव्हा दिसलं,
सिस्टरच्या मातीला
उशापासून पायथ्यापर्यंत भेग पडली होती.
"उन्हानं असेल," आई म्हणाली.
"असेल," पप्पा म्हणाले,
आणि बराच वेळ
तिथून हलले नाहीत.