शेरा

चाळीसगाव सोडताना सुई पांढऱ्यात होती.
घाटाच्या दुसऱ्या वळणावर लाल.
मी वहीत लिहिलं: चढ, तिसरा गिअर, दुपारचे दोन.
धुळे डेपोत अठ्ठावीस वर्षं हजेरीपट भरले,
हात आपोआप रकाने पाडतो.

गाडी म्हणजे लिलावात घेतलेली शाळेची बस.
दाराच्या कडेला नखानं खरवडलं
तर पिवळा रंग अजून निघतो.
मागच्या सहा बाकांच्या जागी पलंग,
डाव्या खिडकीशी ओटा,
आणि पुढे, आमच्या दोघांच्या गुडघ्यांमध्ये, इंजिन,
वर गोधडी टाकली तरी पोळणारं.

भुसावळचा म्हणाला, हेड गॅस्केट गेलं.
पारोळ्याचा म्हणाला, रेडिएटर नवा टाका.
ह्यांना दोन्ही पटलं.
ह्यांना मोठाच आजार पटतो,
थोडक्यात भागलं की संशय येतो.

घाट अर्ध्यावर टाकून उतरलो.
हिलाल मिस्त्रीनं आधी पाणी मागितलं, प्यायला.
मग वही मागितली.
ती आजवर कुणी मागितली नव्हती.
काळ्या बोटानं ओळीमागून ओळ खाली गेला:
सपाटीला सुई उतरते, चढाला चढते,
रात्री त्रास कमी,
पाणी घटत नाही, पांढरा धूर नाही.
"गॅस्केट नही शे," म्हणाला. "पानी कोठेच जायेल नही."

तरी टोपण निवू दिलं, काढलं, इंजिन चालू केलं.
आम्ही तिघं त्या भोकात वाकून बघत होतो.
एक बुडबुडा नाही.
थर्मोस्टॅट सोडवून माझ्याच ओट्यावर,
चहाच्या पातेल्यात, दोऱ्याला बांधून सोडला.
आधण यायच्या जरा आधी
त्यानं पितळी तोंड उघडलं, अगदी वेळेवर.
हे म्हणाले, आता ह्यात चहा होणार नाही.

मग त्यानं फडकं धरून वरचा पाइप दाबला.
खालचा दाबला.
"पानी फिरी ऱ्हायनं, ताई. गरम जास, गरमच येस.
मझार कोनीतरी वारा आडाई बठेल शे."

जाळी तर पुढून लखलखीत.
आखाजीला मीच धुतली होती.
त्यानं इंटरकूलरचे चार बोल्ट सैल केले,
वीतभर पुढे ओढला,
मागच्या फटीत टॉर्च घातली,
आणि हसला.

कापूस.
कापूस तरी कसला, कापसाची लव,
तेलाच्या वाफेनं काळी पडून दाबून बसलेली,
रेडिएटरच्या अख्ख्या तोंडावरून पांघरलेली.

मी वहीची पानं मागे उलटत गेले.
जानेवारी. धरणगाव. ह्यांच्या भाचीचं लग्न,
जिनिंगच्या भिंतीला लागून नऊ रात्री मुक्काम.
रोज सकाळी पापण्यांवर, दह्यावर,
दोरीवरच्या टॉवेलवर पांढरं येऊन बसायचं.
शेऱ्याच्या रकान्यात माझंच अक्षर:
हवा छान.

थंडीत कुणाला कळणार.
थंडीत पांघरूण हा काही दोष नसतो.

दोन तास तो ब्रशनं, काडीनं, पाण्यानं
पंख्याच्या बाजूनं पुढे ढकलत राहिला.
पायाशी काळा चिखल, त्यात एक सरकी,
अजून अखंड.
तेलाची वाफ सोडणारी नळी त्यानं खाली वळवली,
सातशे रुपये झाले म्हणाला.
"एवढेच?" हे म्हणाले,
जरा नाराजच.

संध्याकाळी पुन्हा तोच घाट.
दर वळणाला हे काचेवर नख वाजवत होते,
सुई अडकली तर नाही ना.
मागे पातेलं न घासलेलं, दर गचक्याला खुळखुळत.

चढ. दुसरा गिअर. सातला दहा कमी. सुई मधोमध.
शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
खाली चाळीसगावचे दिवे लागत होते.
लिहिलं:
विशेष काही नाही.