बादली

गल्लीचं नाव वाचता येईना, म्हणून पायऱ्या मोजल्या.
एकोणचाळीस, मग डावीकडे दार.
उंबऱ्यावर मांजर झोपलेलं, ते ओलांडायचं
आणि तिकीट घ्यायचं.

खिडकीतल्या बाईचं नाव देशा.
माझ्या भाषेत ही हाक झाली असती,
नकाशाला मारलेली. इथे नुसतं नाव,
आत्याचं, त्याआधी आत्याच्या आत्याचं.
सुटे नाहीत म्हणते, आणि चष्मा पुसत बसते.

वर दोन मजले. गार भिंती. एकेका फोटोवर
एकेक दिवा, डॉक्टर धरतात तसा,
नेमका दुखऱ्या जागी.
बंदरात पांढरं जहाज लागलंय, त्यातली माणसं येतात
छातीवर नंबरांचे स्टिकर लावून,
कुजबुजतात, भराभर उतरतात,
खाली आइस्क्रीमचा वास असतो.
मी त्यांना नावं ठेवत नाही.
तिसऱ्या फोटोपाशी मीही घड्याळ पाहिलं.

सतरा नंबर. काळा-पांढरा.
धूर, छपरांच्या उघड्या बरगड्या,
शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झालेला रस्ता
आणि त्यावरून धावणारी तरुण बाई.
हातात बादली. तोंड उघडं.
खाली चार भाषांत एकच ओळ:
तोफांच्या माऱ्यातून पळणारी अज्ञात स्त्री.

"अज्ञात कसली!" मागून आवाज.
हा निक्शा. दर गुरुवारी येतो चौकटी सरळ करायला.
दक्षिणेचा वारा सुटला की भिंती घामेजतात,
खिळे सैल होतात.
"आमच्या दुकानातली बादली ती."
आणि बाई?
"बसलीय की बाजारात. जा, विचार."

येले साठीच्या अलीकडे-पलीकडे.
छत्रीखाली, साखरेत घोळलेल्या संत्र्याच्या साली,
कागदाच्या पुड्या, एक तागडी.
माझं सगळं ऐकून घेतलं पुडी बांधता बांधता.
"पळत होते, खरं. पण तोफेला भिऊन नाही,
तोफ रोजचीच होती.
नळ बंद होऊन तीन आठवडे. हौदापाशी
दीड तास रांग. घरी सासूच्या पायाची जखम धुवायची,
आणि बादलीला भोक!
चालत गेले असते तर निम्मं पाणी पोचलं असतं."
तोंड का उघडं?
"शिव्या घालत होते. निक्शाच्या बापाला.
भोकाची बादली विकली मेल्यानं,
पैसे पुरे घेऊन."

फोटो पाहिलात का, विचारलं.
"तिकीट कोण काढणार?"
आधी हसली नाही. मग हसली,
आणि पुडीत चार साली जास्तीच्या टाकल्या.

परत एकोणचाळीस पायऱ्या.
देशानं या वेळी तिकीट मागितलं नाही, पुडी मात्र
उघडायला लावली आणि एक साल उचलली.

सतरा नंबरपुढे पुन्हा उभा राहिलो.
बाईच्या मागे फरसबंदीवर
काळ्या ठिपक्यांची एक वाकडी ओळ आहे,
फोटोच्या कडेपर्यंत गेलेली.
मघाशी मी ते रक्त धरून चाललो होतो.
आता मोजले. तेवीस ठिपके.
तेवीस ठिकाणी सांडलेलं पाणी.

हलकं वाटलं. इतकं हलकं
की लाज वाटावी.
खिडकीतून छपरं दिसत होती: जुनी कौलं फिकी,
मधेमधे नवी, भडक केशरी,
कुठे काय पडलं होतं ते दाखवणारी.
त्यांच्यावरून पाकोळ्या चिरकत गेल्या.

मग सहज, त्याच हलकेपणात,
शेजारच्या फोटोकडे बोट केलं.
अठरा नंबर. भिंतीला टेकून बसलेला मुलगा,
एका पायात बूट.
"आणि हा कोण?"

निक्शा खिशात खिळे शोधायला लागला.
या खिशात, मग त्या.
हातोडी खाली ठेवून, पुन्हा पहिल्या खिशात.