जागा शिल्लक नाही

वेरेकर सरांनी सांगितलं होतं, शाळा उघडेपर्यंत रोज दोन:
एक घरातलं, एक घराबाहेरचं.
सजवू नका. कोणाला हसायला लावू नका.

फोन बाबांचा. काच कोपऱ्यात तडकलेली.
तडा फोटोत येत नाही,
तरी मला तो प्रत्येक आभाळात दिसतो.

पहिल्या दिवशी मी काहीतरी मोठं शोधत हिंडले,
मोर, गेला बाजार मुंगूस.
चोडणच्या बांधावर ओहोटीच्या वेळी
चिखलाशिवाय काही नव्हतं.
मग चिखलच हलला:
एक निवटी, डोळे पार डोक्यावर चढवलेली,
पाण्यातलं व्हावं की जमिनीवरचं
हे अजून न ठरलेली.
सव्वीस फोटो काढले.
पंचविसांत नुसती भोकं.

घरातलं सोपं वाटलं होतं.
पण आईला चाहूल लागली की ती विळी आडवी करते,
केस सावरते, तारल्यांवर ताट झाकते.
म्हणून तिला मागून काढलं, तेही सगळी नाही.
फक्त टाच,
भेगांत खवले अडकलेली,
उन्हात चमचमणारी.
सरांनी विचारलं, हे काय आहे?
मी लिहिलं, आई.
सर बराच वेळ टाइप करत होते.
आलं काहीच नाही.

मग सोलांनी जांभळं झालेलं अंगण,
कांदळाच्या मुळांत अडकलेली कोणाची तरी चप्पल,
मानशीच्या फळीवर बसलेला खंड्या
(तो उडाल्यावरची फळी),
रोझालिनबायचं मांजर, आमच्या मांजरावर डोळा ठेवून.

अकराव्या दिवशी फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

भोकं पुसली. मांजरं पुसली.
खाली खाली जात बाबांच्या जुन्या फोटोंपर्यंत पोचले:
मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीचं स्वयंपाकघर,
कागदी टोपी, घामेजलेलं कपाळ,
आणि परातभर लिंबं, सगळी अर्धी कापलेली.
त्यांना हात नाही लावला.

बाबा पहाटेच्या फेरीबोटीने यायचे.
मी शाळेला निघताना चटईवर त्यांची पाठ,
परत येईतो नुसती चटई, गुंडाळून ठेवलेली.
पाठीवरचा तीळ मला पाठ आहे.
ते दुपारी चहात साखर किती घेतात
हे परवा विचारावं लागलं.

आता बोटीवर दिवे नाहीत.
दिवसा ते घरात असतात आणि त्यांना कळत नाही कुठे असावं.
आईच्या हातातला कांदा घेतात,
चार माणसांसाठी चाळीसांचा चिरून ठेवतात.
आई काही बोलत नाही,
मोठं पातेलं काढते.

काल उन्हं कलताना ते उंबऱ्यावर बसले होते,
एक पाय आत, एक पायरीवर,
मधूनच हात हुंगत.
मी काढला.

घरातलं म्हणून पाठवू की बाहेरचं?
सरांना दोन हवे होते. मी एकच पाठवला.

सर म्हणाले, हललाय जरा.

हललाय खरा.
मी बटण दाबलं तेवढ्यात
बाबा थोडे सरकले,
मला बसायला.