जातीचा रकाना

उदगीरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये
सतरा वर्षं मीटर बघत फिरलो.
घरं मला नंबरानं आठवत नाहीत,
कुत्र्यांवरून आठवतात.

बिरादारांकडं रॉटवायलर. नाव सुलतान.
छाती दारात मावत नव्हती,
पुण्याहून आणलेला, चाळीस हजार मोजून.
साखळी इतकी आखूड
की राखलीच तर त्यानं स्वतःची सावली राखली असती.
लोक फाटकावरची पाटी वाचूनच माघारी जायचे.
मी एकदा दिवाळीत फ्यूज बसवायला गेलो,
बाहेर माळ फुटत होती
आणि सुलतान पाण्याच्या टाकीमागं
गळक्या नळासारखा बारीक रडत होता.
बिरादार म्हणाले, कुणाला सांगू नका.
आज सांगतो. आता तोही नाही, बिरादारही नाहीत.

डॉक्टर घोणसेंचा जर्मन शेफर्ड हुशार.
माझी लूना कोपऱ्यावरूनच ओळखायचा.
पण एवढं लोकरीचं जनावर
आमच्या मे महिन्यात?
त्याला वेगळा कूलर होता, वाळ्याचा.
धाप तो टाकायचा, युनिट मी लिहायचो.
डॉक्टरीणबाई बिल बघून कपाळाला हात लावायच्या,
मग तोच हात त्याच्या कपाळावरून फिरवायच्या.

सराफ लायनीतल्या डॉबरमनचं
माझ्या डाव्या पोटरीला विचारा.
पाच सुया. त्यातल्या दोन वेळा
"लस संपली, नांदेडला जा."

तरी लोक मलाच विचारायचे,
मकबूलभाई, तुम्ही रोज बघता,
घराला कोणत्या जातीचं घ्यावं?
मी म्हणायचो, आधी सांगा
राखायचं काय हाय. सोनं? माणसं?
की शेजाऱ्याला दाखवायची भीती?
यावर चहा यायचा, उत्तर नाही.

प्लॉटिंग संपतं तिथं, नळेगाव रोडच्या अंगाला,
प्रयाग हुडगेचं पत्र्याचं घर.
नवरा टँकरवर, आठ-आठ दिवस बाहेर.
हाळीच्या बाजारातून परतणाऱ्या धनगराकडून
तिनं पायलीभर ज्वारीवर पिल्लू घेतलेलं,
पश्मी. कानाला रेशमी झालर,
बरगड्या मोजून घ्याव्यात अशा,
तोंड लांब, जसं काही ऐकून नाराज झालेलं.
"हे काय राखणार वैनी? भुकत बी नाही."
प्रयाग म्हणाली, "भुकणारे लई हायत गल्लीत."

एकदा दुपारी गेलो. हाक मारली, ओ नाही.
प्रयाग हापशावर गेलेली.
मीटर आतल्या भिंतीवर, खाली झोळीत लेकरू.
मी एक पाऊल टाकलं,
आणि झोळीच्या अन् माझ्या मधी
ती उभी होती. कधी उठली, दिसलं नाही.
गुरगुर नाही, दात नाहीत,
शेपूटसुद्धा हललं नाही.
नुसती बघत होती, माझ्या पायांकडं,
पुढं कुठलं पाऊल पडतंय ते.
सतरा वर्षांत तेवढा एकदाच मी
बाहेरूनच रीडिंग लिहिलं, अंदाजे: चौदा युनिट.
पुढच्या महिन्यात बघितलं,
चौदाच निघाले.

आमच्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नाही.
उंबऱ्याबाहेर मात्र एक आहे,
पिवळट, एका कानानं फाटकं,
भाकरीचा तुकडा मिळाला तर घेतं,
नाही मिळाला तरी रात्री तिथंच.
माझी फातिमा क्लासवरून उशिरा येते,
ते मशिदीच्या वळणापासून तिच्या मागं चालतं,
दारापर्यंत, आणि परत फिरतं.
पोरीनं विचारलं, अब्बा, याची जात कोणती?
म्हटलं, नोंद नाही.

परवापासून स्मार्ट मीटर बसायलेत.
आकडे आपोआप ऑफिसात जाणार,
दारात कुणी जायचं नाही.
शेवटच्या फेरीत मी सगळ्या फाटकांशी
जरा जास्तच थांबलो.
नवी कुत्री भुंकली, जुन्यांनी वास घेतला.
प्रयागची पश्मी आता म्हातारी झाली,
पोरगं शाळेत.
ती उठली, माझ्या आणि दाराच्या मधी आली,
बघितलं,
आणि बाजूला झाली.