गॅरेजात ती बंद पडत नाही

बुरुलकान तिसऱ्यांदा आली
तेव्हा मी पान्याकडेच बघत राहिलो.
पहिल्या खेपेला मी प्लग बदलले होते,
दुसऱ्या खेपेला तापमानाचा सेन्सर,
बाराशे सोम मोजून घेतले होते
आणि छातीवर हात ठेवून म्हणालो होतो :
आता नाही पडायची बंद.

पडली.
दोलोनच्या चढाअलीकडं, पहाटे, उणे एकतीस,
पुढच्या गावात एक बाई कळा देत होती
आणि तिची सुईण रस्त्यात, हातात टॉर्च घेऊन उभी.
कोळशाचा ट्रक आला म्हणून निभावलं.
पोराला त्यांनी ट्रकवाल्याचं नाव ठेवलं.
"तुझं ठेवणार नव्हतेच," बुरुलकान म्हणाली,
आणि किल्ली माझ्या ओट्यावर टाकली.

जुनी ऑडी. तिच्या नवऱ्यानं बिश्केकच्या बाजारातून आणलेली.
नवरा पुढं रशियात गेला, गाडी राहिली.
माझ्या गॅरेजात शेगडी पेटलेली असते.
तिथं ही गाडी परक्या घरी गेलेल्या शहाण्या मुलासारखी :
नऊशेवर काटा, हलत नाही, खोकत नाही,
तासभर चालवा, मुकाट चालते.
मी पेट्रोलात पाणी शोधलं. नव्हतं.
वायरी चाचपल्या, पंप ऐकला,
झाकण उघडून आतली काजळी पुसली,
उगाच पुसली,
बुरुलकान बघत होती म्हणून.

मग ती म्हणाली,
"बाई घरी असते तेव्हा दुखत नाही म्हणते.
दुखतं तिथं जाऊन बघावं लागतं."

गाडी रात्रभर अंगणात ठेवली.
अनारकुलनं चहा केला, बुरुलकान आमच्याकडेच झोपली.
पाचला उठलो. बर्फावर पाऊल टाकलं की
काच चावल्यासारखा आवाज.
पहिल्याच किल्लीला सुरू झाली, अगदी खुशीत.
थंडीसाठी मिळणारं जादा पेट्रोल होतं तोवर खुशीत.
दोन मिनिटं. मग काटा खाली यायला लागला.
नऊशे. सहाशे. चारशे.
एक उचकी.
आणि मग नारीनची ती शांतता,
जिच्यात लांबच्या कुत्र्याचाही श्वास ऐकू येतो.

पुन्हा किल्ली. पुन्हा तेच.
बॉनेट उघडून मी वाकलो, पण माझा डावा कान
वीस वर्षांच्या हातोड्यानं नेलेला
आणि उजव्याला टोपी.
बुरुलकाननं पिशवीतून लाकडी कर्णा काढला,
पोटावर टेकवून पोराचे ठोके ऐकतात, तो.
"सुरू ठेव," म्हणाली. मी पेडलवर पाय दाबून धरला.
रुंद तोंड तिनं इंजिनावर टेकवलं,
दुसऱ्या टोकाला कान,
डोळे मिटून, इंच-इंच सरकत,
जसं काही आत कोणी आडवं फिरलेलं आहे.

"इथं," ती म्हणाली. "इथं श्वास गळतोय."

हवेच्या वाल्वखालचा रबरी कोपर.
हात घालून मी अंगठा दाबला. बोटं तिथंच चिकटतील
असा गारठा, पण अंगठा दाबला,
आणि इंजिन चढलं.
सोडला, उतरलं.
दाबला, चढलं.
मी लहान पोरासारखा चार वेळा केलं.
तिनं चौथ्यांदा माझा हात बाजूला सारला.

नवा कोपर चाळीस सोमला. ते घेतले नाहीत,
सेन्सरचे बाराशे परत केले;
तिनं ते नोटा मोजूनच घेतले.
निघताना कर्णा पुसून पिशवीत ठेवला,
हॉर्न वाजवला नाही, हात केला नाही,
चढाकडं वळली.

जुना तुकडा खिशात राहिला होता.
बाहेर काढला तेव्हा कडक, काळ्या हाडासारखा,
आणि चीर उघडी, नखभर.
आत येऊन शेगडीजवळ धरला.
हळूहळू मऊ झाला. चीर दिसेनाशी झाली.
अनारकुलला दाखवला.
"यात काय वाईट आहे?" तिनं विचारलं.