उपाशीपोटी

निरोपाला शाल दिली, नारळ दिला,
आणि भिंतीवरचं घड्याळ.
सदतीस वर्षं जिला घड्याळानंच पळवलं, तिला.
सेल न घालता मी ते माळ्यावर टाकलं.

चार महिने घरी होते.
डबे घासले, डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या,
गॅलरीतून समोरच्या टॉवरचे मजले मोजले,
रोज एकेचाळीसच भरले.
मग एका सोमवारी भाजीवाल्यानं सुटे पैसे पुढे केले
आणि मी पैसे सोडून त्याच्या कोपराकडे बघत राहिले:
काय सुरेख शीर आहे, एका टोचणीत मिळेल.
तेव्हाच ओळखलं, हे काही खरं नाही.

आता आठवड्यातून तीन दिवस, सहा ते नऊ.
हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, माटुंग्याचा एक तुकडा.
चालत.
खांद्याला निळी पिशवी, तिच्यात बर्फाची थंड वीट,
लाल, जांभळ्या, करड्या टोपणांच्या नळ्या,
आणि रडणाऱ्या मोठ्या माणसांसाठी
लिमलेटच्या चार गोळ्या.

मुलगा फोनवर विचारतो, पेन्शन पुरत नाही का?
पुरते रे.
पुरते म्हणूनच जाते.
पुरत नव्हतं म्हणून जायचे, तेव्हा तू पाळणाघरात होतास
आणि मला मुंबई फक्त कोपरांवरून माहीत होती.
ओपीडीत सकाळी दीडशे दंड,
चेहऱ्यांपर्यंत पोचायला वेळच नसे.

लॅबवाला निमिष म्हणतो, मावशी, फुल टाइम या,
सुपरवायझर करतो, बसून काम.
नको बाबा.
बसूनच राहायचं तर माझी खुर्ची वाईट नाही.
आणि नऊनंतर मला कुणाचीही मावशी व्हायचं नसतं.
नऊनंतर मी रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं
मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी येते.

एक गोष्ट निमिषला सांगितलेली नाही.
निघण्याआधी ओट्यापाशी उभी राहून
फुलपात्र काठोकाठ भरते,
उजव्या हातात धरून वीस आकडे मोजते.
पाणी सांडलं नाही तर चपला घालायच्या.
गेल्या मंगळवारी चौदाव्या आकड्याला
मनगटावर एक थेंब आला.
फोन केला, सर्दी झालीय म्हटलं.
बुधवारी, माझा वार नसताना, पुन्हा भरून पाहिलं.
वीस.
पुन्हा वीस.
तरी तो थेंब कुठून आला होता,
हे दिवसभर ओट्याला विचारत होते.

गुरुवारी रोशनबाई खरासांकडे.
वय चौऱ्याऐंशी, शिरा उंदराच्या जातीच्या,
बोट लागलं की बिळात.
दार उघडताच दंड पुढे केला, वांग्याच्या रंगाचा:
‘तू नाय आली. एक पोऱ्या आला, तीन वेला टोचला.’
मी काही बोलले नाही.
गरम पाण्याची पिशवी मागितली, दुसऱ्या हातावर ठेवली,
आणि त्यांच्या नवऱ्याच्या मोटारसायकलची गोष्ट
नव्यानं ऐकली.
वॉर्डात असा वेळ चोरावा लागला असता.
इथे तो माझ्या पिशवीतच असतो, नळ्यांच्या बाजूला.
मग पट्टा बांधला, डोळे मिटले.
शीर डोळ्यांना दिसायची वाट बघू नये,
पोराला कुणीतरी हे शिकवायला हवं.
ती बोटाखाली हळूच उशी होते.
एकदाच टोचलं. नळी काळपट लाल भरत गेली,
माझा हात त्यांच्या हातावर
दोन म्हातारे शेजारी बसावेत तसा.

‘आता खा काहीतरी,’ मी म्हटलं.
‘तू खाल्ला?’
नाही. सवयच आहे, वॉर्डात असल्यापासूनची.
समोरचा उपाशी असताना
चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

त्यांनी चहात पुदिना टाकला, कडक पाव मधोमध कापला,
लोण्याचा जाड तुकडा माझ्याकडे.
पुढच्या घरी पोचायला दहा मिनिटं उशीर होणार होता.
मी कप उचलला.
काठोकाठ भरला होता.