तिसरा बाक

डिसेंबरात आम्ही ब्लँकेटं वाटली होती,
भुसावळ स्टेशनबाहेर, मंडळीचा बॅनर धरून.
बेचाळीस ब्लँकेटं. हिशोब माझ्याकडे आहे,
फोटोसुद्धा.

मे महिन्यात ब्लँकेटाचं कुणी काय करावं?

दुपारचे दोन. सत्तेचाळीस अंश.
मी दानपेटीचं कुलूप बघायला आलो,
रिटायर झाल्यापासून दर मंगळवारी येतो,
तर फाटकाशी निंबाखाली एक म्हातारा.
सावली सरकेल तसा तोही सरकत होता.
माझ्या हातातल्या किल्लीकडे बघून म्हणाला,
"दादा, देवना घरमा पंखा शे का?"

पंखे आहेत. आठ.
दोन विल्सन मास्तरांच्या स्मरणार्थ,
बाकीचे वर्गणीतून.
रविवारी दीड तास फिरतात.

लोको शेडमध्ये एकतीस वर्षं काढली मी,
कुठल्या बोल्टाला किती जोर, हाताला कळतं.
त्या दिवशी किल्ली फिरेना.

तो चपला बाहेर काढून आत आला.
चपला कसल्या, टायरचे तुकडे.
आणि नेमका तिसऱ्या बाकावर आडवा झाला,
भिंतीकडच्या टोकाला, जिथे माझी रूथ बसायची.
तिथे नको, असं म्हणणार होतो.
तोवर घोरायला लागला.

बुधवारी चौघं. शुक्रवारी अकरा,
त्यात एक ओली बाळंतीण, तिचं पोर
वेदीपुढच्या सतरंजीवर उताणं.
रविवारी तोरणेबाईंनी नाकाला पदर लावला.

कमिटी बसली.
वीजबिल. बाकांवरचे डाग.
उद्या हार्मोनियम गेली तर?
पाळकसाहेब बराच वेळ छताकडे बघत होते,
मग म्हणाले, बेघरांसाठी खास प्रार्थना ठेवू.
सगळे आमेन म्हणाले. मीही.

मग उभा राहिलो आणि सांगितलं,
दाराचं कुलूप बिघडलंय, उन्हानं.
बसतच नाही. चावीवाला यावलला गेलाय, लग्नाला.
मृगाआधी काही यायचा नाही.

देवळात उभं राहून बोललेलं
हे माझं पहिलं खोटं.
निदान मोजलेलं पहिलं.

चार दिवस झाले, म्हातारा दिसला नाही.
नाव विचारायचं राहूनच गेलं.
बाकाच्या टोकाला डोक्याएवढा तेलकट डाग आहे,
रूथच्या जागेवर.
मी ओला फडका घेऊन गेलो होतो.
बाळंतीण झोपली होती, बाकी कुणी जागं नव्हतं.
फडका खाली ठेवला,
आडवा झालो,
डोकं तिथेच टेकलं.

वर पंखा फिरत होता, जरा कुरकुरत.
तेल द्यायला हवं.
बिल जूनमध्ये येईल.